पहिला टप्पा की दुसरा

सेंट लुईस, १८ एप्रिल १८६८, शनिवार

आज कुरण कापून झालं. पेलिकन क्लबचे सभासद कोट काढून, बाह्या सरसावून स्वतःच दाताळी ओढत होते. त्यांत दोन वकील होते, एक दंतवैद्य होता आणि आमचा फिर्मां. बाबांच्या काळी इथे आमच्या गाई चरायच्या, आणि गवत कापायला येणारी माणसं फ्रेंचमध्ये गाणी म्हणायची. आता गाई नाहीत, आणि फ्रेंचही रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ऐकू येईल तेवढंच. ओल्या गवताचा वास मात्र तोच आहे.

मी हे कुरण क्लबला बेसबॉलसाठी वापरू देते, त्यावर शेजारणी नाकं मुरडतात. त्यांना मी कारण सांगत नाही. इथे लिहायला हरकत नाही. फिर्मां युद्धावरून आला तेव्हापासून बोलत नाही. विचारलं तर उत्तर देतो, मीठ पुढे करतो, "येतो, आई" म्हणून बाहेर पडतो. लोखंडी सामानाच्या वखारीत कारकुनी करतो, तिथेही असाच असतो म्हणे. पण बॅटवाल्याच्या मागे उभा राहिला की त्याला कंठ फुटतो. "मागे सरक", "पलीकडे बघ", "शाब्बास रे गड्या" असा त्याचा आवाज कुरणाच्या पार टोकापर्यंत जातो. मी खिडकीत विणकाम घेऊन बसते आणि तो ऐकते. नाही तर खेळाशी माझा काय संबंध?

२ मे, शनिवार

क्लबचे चेंडू आजवर मी शिवत आले. आत रबराचा गोळा, त्यावर लोकर घट्ट गुंडाळलेली, वरून घोड्याच्या कातड्याचे चार तुकडे. मठातल्या शाळेत मदर यूफ्राझींनी आम्हाला वेदीवरची वस्त्रं शिवायला शिकवली होती, त्या टाक्यांचा मी असा उपयोग करते हे त्यांना कळतं तर त्या हसल्या असत्या असं मला वाटतं.

आज क्लबचे चिटणीस मिस्टर थॅचर आले. युद्धानंतर बॉस्टनहून आलेला, धान्याच्या व्यापारात पुढे गेलेला माणूस. यंदाचा पहिला चेंडू हातात घेऊन त्यांनी बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, की शिवण एका बाजूला सरकली आहे, चेंडू वाकडा उडतो. यापुढे चेंडू न्यूयॉर्कहून मागवणार आहेत. तिकडे आता कारखान्यात होतात.

मी म्हटलं, जशी तुमची मर्जी. ते गेल्यावर मिसेस ड्वायर, आमची स्वयंपाकीण, म्हणाली, "त्याला लिंबाचं सरबत कशाला दिलंत, बाई? आधीच आंबट आहे तो."

चेंडू पाहिला. मला तरी शिवण सरळ वाटली. दोरा यंदा खराब येतोय एवढं खरं, सुईत जाता जात नाही.

९ मे

नवीन टाक फार जाड लिहितो. चार ओळींत पान भरतं.

२० जून, शनिवार

आज पाहुण्या संघाशी सामना झाला. जिंकलो. रीतीप्रमाणे हरलेल्या कप्तानाने सामन्याचा चेंडू फिर्मांच्या हातात दिला, दोन शब्द बोलला, आणि मग सगळे आमच्या अंगणात जेवायला बसले. डुकराची भाजलेली मांडी, मक्याची भाकरी, आणि माझा नासपतीचा मुरंबा. असे दिवस मला आवडतात. भांडलेली माणसं एकाच ताटातून लोणी घेतात.

मधे एक गंमत झाली. आमचा एक धावणारा गडी तिसऱ्या बेसवर आधी पोहोचला की चेंडू आधी आला, हे पंचांना दिसलं नाही. पंच एकच असतो, आणि एका माणसाला सगळं दिसेल कसं? अशा वेळी जवळ उभ्या असलेल्या भल्या माणसाला विचारायची रीत आहे. पंच होते डॉक्टर पिकरिंग. ते टोपी काढून स्त्रियांच्या बाकांपाशी आले आणि मलाच विचारलं. मी सांगितलं, चेंडूचा थाप असा आवाज आधी आला, मग बुटांचा. पाहुण्यांच्या बाजूने तो निकाल गेला, तरी आमच्यातला कोणी कुरकुरला नाही. जेवताना त्यांचा कप्तान म्हणाला, की मादाम वाल्कूर असताना पंच कशाला लागतो.

मदर यूफ्राझी म्हणायच्या, "पाहिलं तेवढंच बोलावं, आणि पाहिलं ते बोलावंच." आणि वर, "मुलींनो, एवढं पाळलंत तरी स्वर्गाचं अर्धं भाडं भरलं." बारा वर्षांची होते मी. अजून ते वाक्य कानात आहे, त्यांच्या टाचांच्या आवाजासकट.

११ जुलै, शनिवार

थॅचर पुन्हा आले, या वेळी स्पष्ट बोलायला. मी त्यांना फाटकातून येताना बर्फवाला समजून "मागच्या दाराने ये" असं सांगितलं. कोळशाच्या धुराने या शहरात माणूस ओळखू येईनासा झालाय. ते रागावले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

म्हणणं असं, की क्लब आता मोठा झाला. वर्तमानपत्रांत सामने छापून येतात, शिकागोहून, सिनसिनाटीहून संघ यायला तयार आहेत. पुढल्या वर्षी दुसरीकडे जागा घेऊन भोवती उंच कुंपण घालायचं, तिकीट लावायचं. आणि बॅटमागे पूर्वेकडचा एक तरुण आणायचा. दाखवायला त्याला घोड्यांच्या चाऱ्याच्या दुकानात नोकरी द्यायची, खरं काम चेंडू अडवायचं.

मी विचारलं, "आणि फिर्मां?"

"मादाम, तुम्हाला वाईट वाटेल. त्याच्या बोटांकडे पाहिलंत का? उजव्या हाताचं एकही सरळ नाही. तेहतीस वर्षांचा आहे तो. सभासदांतल्या अर्ध्यांना त्याने कप्तान म्हणून राहावं असं वाटतं, अर्ध्यांना वाटत नाही." मग म्हणाले, की सप्टेंबरात लॉरेल क्लबशी सामना आहे. तो जिंकला तर फिर्मांची जागा कोणी हलवणार नाही, हा त्यांचा शब्द.

फिर्मांला हे आधीच माहीत होतं. रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "हो, आई," आणि भाकरीचा तुकडा मोडला. मी त्याच्या बोटांकडे पाहिलं. लहानपणी पियानोच्या बाईंनी ती बोटं फार लांब आहेत म्हणून कौतुक केलं होतं.

एक जागा गेली तर माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण त्याचा आवाज दुसरीकडे कुठे येतो ते मला माहीत नाही.

८ ऑगस्ट

उकाडा. नदीवरून वारा नाही. मिसेस ड्वायर हल्ली न सांगता सगळ्या सुयांत दोरे ओवून उशीत टोचून ठेवते. मी म्हटलं, माझी कामं माझ्याकडे राहू देत. ती म्हणाली, "हाताला चाळा लागतो मला, बाई. दारू पीत नाही, निदान सुया ओवू द्या."

रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्यांभोवती गोल कडी दिसतात, प्रत्येकाला दोनदोन. धूर असा बसलाय. माझ्या लहानपणी नदीच्या पलीकडच्या काठावरची माणसं इथून मोजता यायची.

१२ सप्टेंबर, शनिवार

हरलो. सविस्तर लिहून ठेवते.

सकाळपासून गाड्या लागल्या होत्या. एवढी माणसं या कुरणाने कधी पाहिली नव्हती. काही तर आमच्या नासपतीच्या झाडांवर चढून बसली. मी स्त्रियांच्या बाकांवर पुढे होते, मिसेस ड्वायर सरबताचं पिंप घेऊन मागे. दुपारभर फिर्मांचा आवाज ऐकत होते. इतका मोकळा मी तो वर्षभरात ऐकला नव्हता. एकदा तर तो हसला, मैदानाच्या मधोमध, मोठ्याने.

शेवटचा डाव लॉरेलचा होता. आम्ही एका धावेने पुढे, त्यांचा तिसरा गडी बाद झाला की सामना आमचा. त्यांचे दोन गडी बाद झालेले, दोन बेसवर उभे, आणि बॅट घेऊन लॉरेन्झ क्लिंगे. हा जर्मन, दारूच्या भट्टीसाठी पिंपं बनवतो, त्याचे खांदेही पिंपासारखेच आहेत. त्याने मारलेला चेंडू उंच उडाला आणि रेषेबाहेर आमच्या बाकांच्या दिशेने आला. असा बाहेर गेलेला चेंडू पहिल्या टप्प्यावर धरला तरी मारणारा बाद होतो. पूर्वी सगळेच चेंडू असे धरता यायचे, नव्या नियमांनी जुन्यातलं तेवढंच शिल्लक ठेवलंय. दुसरा टप्पा पडला की मात्र काही नाही, खेळ पुढे चालू.

फिर्मां मैदानाला पाठ करून धावत आला, माझ्या अगदी समोर वाकला, चेंडू उचलला, हात वर करून "बाद" म्हणून ओरडला. लोक उठले. टोप्या उडाल्या.

डॉक्टर पिकरिंगांनी मात्र थांबा म्हणून हात वर केला. त्यांना फिर्मांची पाठ तेवढी दिसली होती. लॉरेलचा कप्तान धावत आला. तो भांडला नाही. म्हणाला, "मादाम समोरच बसल्यात. त्या सांगतील ते आम्हाला कबूल."

तेव्हा फिर्मां म्हणाला, "आईला विचारू नका, डॉक्टर."

हळूच म्हणाला, पण पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, का? फिर्मांने उत्तर दिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं असावं. मधे धूळ उडालेली होती, त्याचं तोंड मला नीट दिसलं नाही. कोणीतरी मागे हसलं. त्या हसण्याचा अर्थ मला कळला, सगळ्यांनाच कळला.

मला विचारलं. मी पाहिलं ते सांगितलं. पांढरं दोनदा चमकलं, आणि मग ते त्याच्या हातात होतं. दोन टप्पे.

मी हे बोलले तेव्हा माझा आवाज कापला नाही.

फिर्मांने चेंडू फेकणाऱ्याकडे टाकला. "मादाम म्हणतात तसं. चला, खेळा." आणि आपल्या जागी गेला. त्यानंतर तो ओरडला नाही. क्लिंगेने पुढचाच चेंडू झाडांपलीकडे मारला, बेसवरचे दोघेही धावा पुऱ्या करून परत आले, सामना संपला.

चेंडू देताना फिर्मांने रीतीचं भाषण केलं: "चांगला खेळ झाला. चेंडू तुमचा." जेवणं झाली, पण कोणी लोणी मागितलं नाही. थॅचर माझ्यापाशी येऊन म्हणाले, की अशी आई असल्यावर मुलाने तसं ओरडायला नको होतं. कौतुक म्हणून म्हणाले. मला ते कौतुक वाटलं नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

चर्चहून आल्यावर मी त्याला विचारलं, खोटं का बोललास. तुझे वडील गेले, पण खोटं बोलले नाहीत.

तो पावाला लोणी लावत होता. ते त्याने कडेपर्यंत लावलं. "मला वाटलं एकच टप्पा पडला. चुकलं असेल, आई."

"मग मला विचारू नका असं का म्हणालास?"

"ऊन होतं तुझ्या डोळ्यांवर."

ऊन माझ्या पाठीशी होतं. संध्याकाळी त्या बाकांच्या मागे सूर्य असतो, ते बाक मीच तसे लावून घेतलेत. मी लोण्याचं भांडं उचलून ठेवलं. एका टेबलावर दोन खोटी पुरेशी होती. पण दिवसभर वाटत राहिलं, की जो मुलगा इतकी वर्षं गप्प राहून का होईना खरा राहिला, तो एका चेंडूसाठी असं का करेल? माझ्यात कुठे कमी पडलं असेल?

१५ सप्टेंबर, मंगळवार

क्लिंगे आला होता, धुतलेला शर्ट घालून, हातात काळ्या पावाचा गोल आणि सॉसेजची माळ. दिवाणखान्यात बसायला तयार नव्हता, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. बराच वेळ नदी किती आटली यावर बोलला.

मग म्हणाला, "मादाम, मी बॅट टाकली होती."

मी म्हटलं, म्हणजे?

"तुमच्या मुलाने चेंडू धरला तेव्हा. मी बॅट खाली टाकली आणि चालू लागलो. मी बादच होतो. निदान मला तसं दिसलं." त्याने मान खाली घातली. "मला कोणी विचारलंच नाही. आणि तुम्ही बोलल्यावर मी मधे कसा बोलणार? बाईमाणसाचा शब्द खोटा पाडायचा, तोही तुमचा, आणि तो पडला तर आमच्या संघाचं नुकसान. घरी गेलो तर बायकोने जेवायला वाढलं नाही."

मी त्याचे आभार मानले. भला माणूस आहे. जिंकलेला माणूस हरलेल्याच्या घरी जाऊन त्याचं मन राखतो, हे जुन्या काळचं सौजन्य जर्मनांत अजून आहे. मी त्याला म्हटलं, की तुम्ही लांब होतात, मी समोर होते. तो मिसेस ड्वायरकडे बघत राहिला.

तो गेल्यावर मी मिसेस ड्वायरला विचारलं, तू माझ्या मागेच होतीस, तू काय पाहिलंस?

"माझं लक्ष सरबतात होतं, बाई."

"पूर्ण वेळ?"

"साखर खाली बसते त्याची, ढवळत राहावं लागतं," असं म्हणून ती सॉसेज टांगायला कोठीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

क्लबची सभा झाली. फिर्मांची जागा गेली. कप्तानपदही गेलं. थॅचरांनी मला सांगितलं, की नुसतं हरण्याने कदाचित गेलं नसतं, निम्मी माणसं त्याच्या बाजूची होती. पण "त्या दिवशीची गोष्ट" आड आली. असं ओरडणारा माणूस कप्तान म्हणून दाखवता येत नाही. फिर्मांने सभेत तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर, असं थॅचर म्हणाले. त्याने एवढंच म्हटलं असतं की मादामची चूक झाली असेल, तरी लोकांनी सोडून दिलं असतं. त्याच्या मित्राने तसं सुचवलंही. तर तो उठून गेला.

हे मात्र मला समजलं नाही. खोटं बोलून फसलेला माणूस दुसरं सोपं खोटं समोर आलेलं असताना नाकारतो का?

नवी जागा शहराच्या उत्तरेला घेतली. इथे आता कोणी येत नाही.

२४ ऑक्टोबर

शनिवारी काय करावं हे फिर्मांला कळत नाही. आज त्याने चुना कालवून अंगणाच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या केल्या, मग तळघराच्या, मग घरातल्या जिन्याच्या. काळ्या अक्रोडाचा जिना तो, बाबांनी न्यू ऑर्लिन्सहून सुतार आणवला होता. मी रागावले. तो म्हणाला, "पूस म्हणालीस तर पुसतो, आई." मी राहू दे म्हटलं. रिकामा हात काहीतरी करणारच. शिवाय दिसायला वाईट नाही.

६ डिसेंबर, रविवार

ॲडव्हेंट, नाताळाच्या तयारीचे आठवडे. चर्चमध्ये मेणबत्त्या हलक्या प्रतीच्या आणतात, पुस्तकातली प्रार्थना मला आता फादरांचं ऐकूनच म्हणावी लागते. पण आम्ही मठात सगळं पाठ केलेलं होतं, अडत नाही.

घरात फार शांत आहे. मिसेस ड्वायर म्हणते, "या घरात उंदीरसुद्धा जोडे काढून चालतात." फिर्मां वखारीतून येतो, माझ्या खुर्चीजवळ दिवा सरकवतो, बसतो. एखादी संध्याकाळ अशी जाते की त्याचा एकही शब्द ऐकलेला नसतो. मी विणकाम करते. टाके हाताला कळतात.

आज मी त्याला म्हटलं, नव्या मैदानावर बघायला तरी जात जा. त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

२८ मार्च १८६९, ईस्टर

ईस्टरची मोठी मेणबत्ती वेदीशेजारी पेटलेली होती. मी मिसेस ड्वायरला कुजबुजून विचारलं, यंदा दोन का लावल्या?

मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "एकच आहे, बाई."

१७ एप्रिल, शनिवार

वीस दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

पांढरं दोनदा चमकलं होतं. ते मी पाहिलं होतं, आणि पाहिलं तेवढंच बोलले. मदर यूफ्राझी, याला तुम्ही काय म्हणाल? मी त्यांची उत्तरं मनात ऐकायचा प्रयत्न करते, त्या नुसत्या टाचा वाजवत चालत राहतात.

फिर्मांला आधीपासून माहीत असणार. "आईला विचारू नका." तो तेव्हा कारण सांगू शकत होता. एका वाक्याचं काम होतं. समोर सगळं शहर बसलेलं होतं, म्हणून सांगितलं नाही.

त्याच्याशी बोलायला हवं. कसं सुरू करायचं ते सुचत नाही. सुरू केलं तर तो म्हणेल, नाही आई, दोनच टप्पे होते. आणि मग ते खोटं मी त्याच्याकडून बोलवून घेतल्यासारखं होईल.

८ मे, शनिवार

काल संध्याकाळी म्हटलं, "उद्या मला सामन्याला ने."

तो म्हणाला, लांब आहे, धूळ असते, तुला आवडणार नाही. मी म्हटलं, तू नेणार नसशील तर मी मिसेस ड्वायरबरोबर जाते. मागून ती म्हणाली, "मला धक्काबुक्की चालते, पण मी चुकीच्या संघाला ओरडेन हां, आधीच सांगते." तो कबूल झाला.

नव्या मैदानाला उंच फळ्यांचं कुंपण आहे, नव्या लाकडाचा वास येतो. दाराशी तिकीट घेतात, मग चढत्या बाकांवर बसवतात. स्त्रियांना वेगळी जागा नाही. शेंगदाण्यांची टरफलं पायाखाली. हरलेल्यांनी चेंडू द्यायची रीत बंद झाली, सामना संपला की जो तो आपल्या घरी. दारातल्या माणसाने फिर्मांला ओळखलं आणि नजर दुसरीकडे वळवली. फिर्मांने माझा हात आपल्या कोपरात घट्ट धरला होता.

आम्ही बसलो. माझ्यासमोर हिरवा रंग होता, त्यात तपकिरी रंगाचा एक मोठा डाग, आणि त्यावर हलणारं काहीतरी. मी अंदाजाने मान वळवत होते, लोक ओरडले की तिकडे. दोन डाव असे गेले. फिर्मां मांडीवर हात ठेवून बसला होता. एकदा सगळे ओरडले, मी उजवीकडे पाहिलं.

"डावीकडे, आई," तो म्हणाला.

मी डावीकडे वळले. तो माझ्याकडे सरकला. मग म्हणाला, "चेंडू डावीकडे, कुंपणापाशी गेला. त्यांचा एक गडी दुसऱ्या बेसवर आलाय. लाल मोजेवाला. दम लागलाय त्याला, कमरेवर हात ठेवलेत."

त्यानंतर तो थांबला नाही. फेकणारा हात कुठून आणतो, बॅटवाला पाय कसे रोवतो, मधला गडी उगाच पुढे आलाय, हे सगळं. आधी कुजबुजत, मग बोलत, मग आमच्या पुढच्या बाकावरची माणसं मागे वळून बघायला लागली इतकं. एका जागी तर तो उठलाच, "मागे सरक रे, मागे," असा ओरडला, आणि तो मैदानावरचा गडी खरंच मागे सरकला असावा, कारण पुढच्या क्षणी टाळ्या पडल्या आणि माझ्या पुढचा जाडा माणूस म्हणाला, "बुवा बरोबर सांगतोय." फिर्मां खाली बसला. मी त्याच्या बोटांवर हात ठेवला. वाकडी, गाठी आलेली, गरम.

बॅटमागचा नवा मुलगा चपळ आहे, असं त्याने मला सांगितलं. त्याने ते कसलंही कडूपण न ठेवता सांगितलं. मुलाच्या हातांना अजून काही झालेलं नाही, म्हणाला, सांभाळायला हवेत.

मग एक चेंडू बाहेर गेला, तो मुलगा मागे धावला, आणि सगळं मैदान ओरडलं. मी विचारलं. आत्ता नाही तर कधीच विचारणार नाही असं वाटलं.

"फिर्मां, त्या दिवशी तू पहिल्याच टप्प्यावर धरला होतास ना?"

पुढचा माणूस शेंगा फोडत होता. मग फिर्मां माझ्याकडे झुकला आणि त्याच आवाजात म्हणाला, "आता बघ, आई. फेकणारा वाकलाय. हात मागे नेलाय. टाकला. उंच मारला, फार उंच, थेट आपल्या समोर येतोय. अजून वरच आहे. आता खाली. दिसला?"

मी आकाशाकडे तोंड केलं. फिकट, सगळीकडे सारखं उजळ होतं.

"दिसला," मी म्हटलं.